घरात लिनक्स आलं तो हिवाळा

आम्ही हर्नडन सोडून मिशिगनमधल्या ट्रॉयला आलो, त्याला वर्ष होत आलं होतं. साल दोन हजार सहा. नवरा गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचा. मी डिपेंडंट व्हिसावर होते, म्हणजे नोकरीची परवानगी नव्हती आणि वेळ मुबलक होता. त्या वेळात मी इथल्या मराठी मंडळाचा अंक काढायचे. लेख गोळा करायचे, टाइप करायचे, शुद्धलेखन तपासायचे. जेवणाच्या टेबलाशेजारी आमचा एकुलता एक कम्प्युटर होता. दिवसा तो माझा, संध्याकाळी नवऱ्याचा. संध्याकाळी तो त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. दिवसभर ऑफिसात गाड्या, घरी आल्यावरही गाड्याच, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाला, "ऑफिसातल्या गाड्या उभ्या असतात."

ऑक्टोबरात कम्प्युटरला व्हायरस लागला. सुरू व्हायला पंधरा मिनिटं घ्यायचा आणि सुरू झाला की आपणहून जाहिराती उघडायचा. एकदा मी संपादकीय लिहीत असताना मला पडद्यावर लागोपाठ नऊ वेळा बक्षीस लागलं. सगळं पुसून नव्याने टाकावं, तर मूळ सीडी घर बदलताना कुठल्या खोक्यात गेली, हे दोघांनाही सांगता येईना. शेवटी नवऱ्याने जर्सी सिटीतल्या कॉलेजच्या मित्राला फोन लावला.

हा मित्र लिनक्सवाला होता. लिनक्स म्हणजे कम्प्युटर चालवणारी सिस्टिमच, पण ते फुकट मिळतं, ते आतून उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं, आणि जे लोक ते वापरत नाहीत ते भाबडे आहेत, असं त्याचं मत होतं.

"यार, व्हायरसची कटकटच संपेल," तो म्हणाला.

"आणि गेम? गेम चालतात?"

"चालवता येतात," मित्र म्हणाला.

या दोन्हींतला फरक माझ्या तेव्हाच लक्षात आला होता. नवऱ्याच्या लक्षात यायला पुढचा फेब्रुवारी उजाडला.

लिनक्स एकच असेल अशी माझी समजूत होती. तर त्याचे पन्नासएक प्रकार निघाले, आणि प्रत्येकाचे भक्त वेगळे. नवरा पेशाने टेस्टर. त्याने लगेच तक्ता बनवला आणि फ्रिजवर लावला. डावीकडे सिस्टिमची नावं, वर रकाने: इंटरनेट, प्रिंटर, मराठी, गेम. एकूण शंभर मार्क. त्यात गेमला साठ आणि मराठीला पाच.

"पाच?" मी विचारलं.

"मराठी नुसती दिसायलाच तर हवी," तो म्हणाला.

मी दोन दिवस स्वयंपाकघरात त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलले. तिसऱ्या दिवशी मराठीचे दहा झाले.

मग दर शनिवारी एक सिस्टिम यायची आणि पुढच्या शनिवारी जायची. पहिली पाच सीड्यांची होती. ती आत घेण्याआधी इतके प्रश्न विचारायची की मला व्हिसाच्या मुलाखतीची आठवण झाली. दुसरी मित्राने खास सुचवली होती. तिच्यात म्हणे आपला प्रत्येक भाग आपणच घडवायचा असतो. शनिवारी सकाळी सुरू केलं, रविवारी दुपारपर्यंत काळ्या पडद्यावर अक्षरं नुसती वर पळत होती आणि नवरा गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसा तिच्याकडे बघत बसला होता. तिसरीत मराठी दिसली, पण सगळ्या वेलांट्या चुकीच्या बाजूला. माझ्या अंकातल्या कवींचं त्यामुळे फारसं बिघडलं नसतं, पण मी ती नापास केली.

याच सुमाराला सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आल्या आणि आठवड्याभरात बर्फ पडायला लागलं. बाहेर जायची सोय उरली नाही. त्यांनी घरातलं सगळं नीट पाहिलं आणि फ्रिजवरच्या तक्त्यासमोर थांबल्या.

"घरात माणसं तीन, मग गेमला साठ मार्क कोणी दिले?" त्यांनी विचारलं.

नवरा म्हणाला, "आई, तो टेक्निकल तक्ता आहे."

"ते दिसून राहिलं मला. पण बेरीज एकशे पाच होते."

माझे पाच वाढवताना त्याने दुसऱ्या कुठून कमी केलेच नव्हते. त्यांनी पेन मागून घेतलं आणि गेमचे पंचावन्न केले.

चौथी सिस्टिम पोस्टाने आली. आपण नुसतं नाव-पत्ता कळवायचा, ते लोक घरपोच सीडी पाठवायचे, तीही फुकट. पडद्याचा रंग तपकिरी, थेट चहासारखा. इंटरनेट लागलं, प्रिंटर चालला, आणि वेलांट्या जिथल्या तिथे. मी त्याच दिवशी माझे सगळे लेख तिच्यात आणले. सासूबाईंना मात्र फुकट हा शब्द खटकला.

"फुकट कशासाठी देतात? त्यांना काय मिळतं?"

नवऱ्याने सांगितलं, की जगभरातली माणसं आपापल्या घरी थोडा थोडा भाग बनवतात, एकत्र आणतात, आणि कोणी कसं बनवलं तेही सगळ्यांना सांगतात.

"म्हणजे अंगतपंगत," त्या म्हणाल्या. "डबा तर आणायचाच, वर कृतीही लिहून द्यायची." यानंतर त्यांना लिनक्सबद्दल काही विचारावं लागलं नाही. मला अजूनही याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

राहिला होता तो फक्त गेम. शर्यतीचा गेम लिनक्ससाठी बनलेलाच नव्हता. त्यासाठी मध्ये एक सॉफ्टवेअर लागायचं आणि त्याचं नाव होतं वाईन. संक्रांतीचा अंक छापायला जाईपर्यंत कम्प्युटरमध्ये काहीही नवीन टाकायचं नाही, असं मी नवऱ्याला बजावलं होतं. त्यामुळे मी लायब्ररीत गेलेली वेळ साधून त्याने मित्राला फोन केला. सासूबाई सोफ्यावर विणत बसल्या होत्या. त्यांच्या कानावर जे पडलं ते त्यांनी मला नंतर जसंच्या तसं म्हणून दाखवलं:

"काल वाईन टाकली रे, पण काहीच झालं नाही. नाही, तीच, जुनी. आता नवी टाकून बघतो. हो, आज परत टाकतो. नाही, हिला नाही सांगितलं अजून."

त्या आम्हा दोघांना काही बोलल्या नाहीत. तीन दिवस घरात जरा शांतताच होती. मला वाटलं, थंडी बाधली असेल. त्या काळात त्यांनी माझं स्वयंपाकघर आवरून दिलं आणि आवरता आवरता त्यांना वरच्या फडताळात एक बाटली मिळाली. ते माझं सॅलडमध्ये घालायचं व्हिनेगर होतं. पण बाटली गडद लाल, उंच मानेची, आणि लेबलवर ठळक अक्षरांत रेड वाईन. व्हिनेगर हा शब्द खाली बारीक होता आणि सासूबाईंचा चष्मा बाहेर राहिला होता.

चौथ्या दिवशी दुपारी नागपूरहून सासऱ्यांचा फोन आला. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, बोलणं मोजूनमापून. एरवी ते आधी हवामान विचारायचे. त्या दिवशी म्हणाले, "बेटा, तुला काही सांगायचं असेल तर मोकळेपणाने सांग. त्याचं हे जे चाललंय, ते किती दिवसांपासून आहे?"

सासूबाईंनी कम्प्युटरचं सांगितलं असणार, असं मी समजले.

"तीन महिने होतील, बाबा. आधी फक्त शनिवारी बसायचा, आता रोज संध्याकाळी बसतो."

"ऑफिसातून आल्यावर?"

"हो, आल्या आल्या. चहासुद्धा तिथेच लागतो."

"एकटाच बसतो?"

"तसा एकटाच. जर्सी सिटीचा मित्र फोनवर असतो. हा नाद त्यानेच लावला."

मग ते म्हणाले, "तू त्याला काही बोलत नाहीस?"

"बोलले ना. म्हटलं, संक्रांतीपर्यंत थांब, मग काय टाकायचं ते टाक. खरं सांगू का बाबा, आधी मलाही वैताग यायचा. पण आता मीही रोज दुपारी बसते. सवय झाली. बरं वाटतं."

"आईला फोन दे," ते म्हणाले.

सासूबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू वर्गात कोणीतरी पेपर फोडला आहे आणि त्यांना नाव कळलं आहे. नवरा घरी आला, बूट काढून सवयीने कम्प्युटरकडे वळला, तर त्यांनी त्याला टेबलाशी बसवलं. समोर व्हिनेगरची बाटली ठेवली.

"हे काय आहे?"

"हिचं सॅलडचं काहीतरी आहे," तो म्हणाला.

"आणि तू रोज टाकून राहिला ती वाईन कोणती?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मला तोवर फक्त एवढंच कळलं होतं, की संक्रांतीआधी काहीही न टाकण्याचं वचन मोडलं गेलं आहे.

"अगं, ते सॉफ्टवेअर आहे," तो आईला म्हणाला. "थांब, दाखवतो." त्याने कम्प्युटर लावला, मेनू उघडला, आणि तिथे वाईन या नावाशेजारी छोटंसं चित्र होतं: तिरका धरलेला लाल वाईनचा ग्लास.

सासूबाईंनी चष्मा लावला. ग्लासाकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. त्यापुढच्या अर्ध्या तासाइतकं जीव तोडून त्याने आयुष्यात काही समजावलं नसेल. गेम एका सिस्टिमची भाषा बोलतो, आपल्या कम्प्युटरला दुसरीच कळते, आणि हे सॉफ्टवेअर मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगतं.

"म्हणजे दुभाषी," त्या म्हणाल्या.

"दुभाषीच."

"मग त्याचं नाव दुभाषी ठेवायला काय झालं होतं त्यांना?"

सासूबाईंनी नागपूरला फोन लावला. तिकडे पहाट होती. सासरे इतके हसले की फोन टेबलावर ठेवला तरी आम्हा तिघांना ऐकू येत होतं. माझं 'मीही रोज दुपारी बसते' त्यांनी पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगितलं.

त्या रात्री माझं आणि नवऱ्याचं वचनाच्या विषयावर थोडं बोलणं झालं. ते इथे देत नाही.

या प्रकरणानंतर सासूबाई रोज कम्प्युटरपाशी बसू लागल्या. देखरेख करायला, असं त्या म्हणायच्या. या लिनक्ससाठी एक गेम फुकट मिळायचा. एक पेंग्विन बर्फाच्या डोंगरावरून पोटावर घसरत येतो आणि वाटेतले मासे गोळा करतो, एवढाच. नवऱ्याने त्याला लहान मुलांचा म्हणून तक्त्यात घेतलाच नव्हता. सासूबाईंनी तो एकदा खेळून पाहिला. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ होतं, त्यात पाऊल टाकायची त्यांना भीती वाटायची, आणि पडद्यावर मात्र त्या पेंग्विनला कड्यावरून सरळ खाली सोडायच्या. वळण कोणत्या कोनात घेतलं की वेग टिकतो, हे त्यांनी वहीत आकृत्या काढून बसवलं. जानेवारी संपेपर्यंत त्यांच्या वेळेच्या जवळपासही आम्ही दोघं येत नव्हतो. दुपारी माझं टाइप करणं आणि त्यांचा पेंग्विन यांच्या वेळा वाटून घ्याव्या लागल्या. त्यात मला कमी वेळ आला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नवऱ्याचा गेम अखेर चालला. त्याने आम्हाला दोघींना बोलावलं. गाडी खरंच पळत होती, इंजिन गुरगुरत होतं, रस्त्याकडेची झाडं तेवढी गुलाबी होती. त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि उठला.

"झालं?" मी विचारलं.

"चालला ना," तो म्हणाला, आणि चहा ठेवायला गेला. त्यानंतर त्याने तो गेम पुन्हा उघडलेला मला आठवत नाही. चार महिने त्याला गाडी चालवायची नव्हती, चालू करायची होती. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो कप विसळत होता. म्हणाला, "टेस्टर आहे गं मी."

तपकिरी सिस्टिम आमच्याकडे राहिली. तक्त्यातल्या बेरजेने तिचा दुसरा नंबर आला होता, पण तोवर तक्ता कोणी विचारत नव्हतं.

मे महिन्यात सासूबाई परत निघाल्या. त्यांनी बॅगेत चॉकलेटांच्या वर, साडीच्या घडीत, ती पोस्टाने आलेली सीडी ठेवली. नागपुरात सासऱ्यांनी निवृत्तीनंतर कम्प्युटर घेतला होता, त्यावर ती टाकायची होती. सासऱ्यांनी कोणाची मदत घ्यायला नकार दिला. तीन रविवार ते फोनवरून मला एकेक ओळ वाचून दाखवत होते आणि मी होय किंवा नाही म्हणत होते. तिसऱ्या रविवारी सगळं लागलं, फक्त स्पीकरमधून आवाज येईना.

"मी याला विचारून सांगते, बाबा," मी म्हटलं. "काहीतरी साधंच असेल."

"नको, बेटा," ते म्हणाले. "ती रोज दोन तास खेळते. शांततेत बरं चाललंय आमचं."