आक्कांनी लुटलेलं वाण

सुशीलाआक्कांच्या घरच्या सोप्यात मी पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीने ओढत नेलं म्हणून. मी तेव्हा अकरावीत होते. उचगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई चीनच्या पुराणातल्या प्रेमकथा मराठीत नव्याने लिहितात आणि छापण्याआधी गावातल्या पोरींना वाचून दाखवतात, एवढंच ऐकलं होतं. ऐकताना कुणी जांभई दिली की आक्का त्या पानावर तिथल्या तिथे काट मारत. मी जांभई दिली आणि आख्खं पान गेलं! मी घाबरले, तर त्या म्हणाल्या, "भ्यायचं न्हाय गं. पान कंटाळवाणं हुतं, तू न्हाईस."

त्यांची पहिली कादंबरी आकाशात वस्त्रं विणणाऱ्या देवकन्येची. तिचं मन पृथ्वीवरच्या गुराख्यावर जडतं. देव दोघांच्या मध्ये आकाशगंगा आणून सोडतात. वर्षातून एकदा पाखरांनी पूल बांधला तरच भेट. आक्कांची नायिका मात्र पाखरांची वाट बघत बसत नाही. आपल्याच मागावर पूल विणते आणि चालू लागते. आम्ही पोरींनी टाळ्या पिटल्या होत्या.

पुस्तक गावच्या वाचनालयात आलं आणि अध्यक्षांचं डोकं फिरलं. पोरी बिघडतील म्हणून त्यांनी ते कपाटातून काढलं. आक्का त्यांना भेटायला गेल्या तेव्हा मी सोबत होते.

"आक्का, प्रेमाचं लिवायचं वय हाय का तुमचं? आन् ते बी चीनचं?"

"आप्पा, त्यांचा चंद्र आन् आपला चंद्र येगळा हाय व्हय? सोळा वर्साच्या पोरीला प्रेम कळतंयाच. पुस्तकातनं कळलं तर इचार करायला तरी शिकंल."

पुस्तक काही कपाटात परत गेलं नाही.

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला आमच्याकडे वाट्या, चाळण्या असलं वाण लुटतात. आक्कांनी त्या वर्षी आलेल्या प्रत्येक बाईला तिळगूळ देऊन वाण म्हणून तीच कादंबरी दिली! वाण परत करायची कुणाची छाती? अध्यक्षांच्या घरच्या काकूंनी रीतीप्रमाणे ते आधी देवापुढे ठेवलं, मग वाचलं, आणि आक्कांना विचारलं, "दुसरी कवा देतासा?"

आमच्या घरीही एक प्रत आली होती. बारावीनंतर माझ्यासाठी स्थळं बघू लागले, तेव्हा ती वाचलेली आई वडिलांसमोर उभी राहून म्हणाली, "न्हाय. पोरगी शिकंल." बेळगावच्या कॉलेजात माझं नाव घालायला आक्का स्वतः बसने आल्या. आज मी खानापुरात वकिली करते.

आक्कांसाठी निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने मला सुचवलं, की आक्कांच्या शाळेतल्या सेवेबद्दल लिहावं, कादंबऱ्यांचा उल्लेख ओझरता असावा. का म्हणून? पंचाहत्तराव्या वर्षी ज्या बाई चंद्रावर एकट्या राहणाऱ्या चिनी देवीची प्रेमकथा लिहीत बसल्या आहेत, त्यांचा गौरव त्यांची पुस्तकं लपवून करायचा? मी मुद्दाम कादंबऱ्यांबद्दलच लिहिलं आहे आणि यातला एक शब्दही गाळू देणार नाही.

आक्का, तुमचे डोळे, गुडघे आणि जीभ शंभरीपर्यंत अशीच खणखणीत राहोत. या ग्रंथाच्या मिळतील तेवढ्या प्रती मी घेऊन ठेवणार आहे. येत्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू आहे. समितीतल्या सर्वांच्या घरच्या बायकांना आग्रहाचं आमंत्रण.