दुकानात पुढे आलेला हात

मी शिकलो ते सायखेड्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांमुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर होईपर्यंत माझा प्रत्येक फॉर्म त्यांनीच भरला. नव्या रबराचा वास आला की मला नाशिकमधलं ते कॅमेऱ्याचं दुकान आठवतं आणि डोकं तापतं. निवृत्तीनंतर सर नदीकाठच्या पक्ष्यांचे फोटो काढायचे. उजव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात गेलेली, त्यामुळे जड लेन्स लावली की कॅमेरा पुढे कलून हातातून निसटायचा. म्हणून कॅमेऱ्याला बाहेरून बसवायची पकड, म्हणजे ग्रिप, घ्यायला आम्ही त्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने लाकडी, रबरी आणि अंगठ्याला टेकू असलेली अशा तीन पकडी काढल्या आणि तिन्ही माझ्याच हातात दिल्या. सर म्हणाले, "मला धरून बघू द्या की." तो हसला. "बाबा, कॅमेरा पडला म्हणजे? तुम्हाला मोबाईलच बरा. हे बघतायत ना." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "रबरी घ्या साहेब, बॅलन्स एक नंबर." मी ती लावून कॅमेरा डोळ्याशी नेला, तोल छान वाटला, आणि म्हणालो, "हीच द्या." सरांनी पुढे केलेला हात खिशात घातला. घरी सरांनी कॅमेरा धरल्यावर कळलं, त्या पकडीचा सगळा भार नेमका नसलेल्या दोन बोटांवर येत होता. सर म्हणाले, "राहू दे रे, लय चांगलीय." वर्षभर मी त्या दुकानदाराला शिव्या घातल्या. काल सरांना पत्र टाकलं: 'सर, तुमचा हात पुढे आलेला मी पाहिला होता. त्या माणसाचं सोडा, मला रागवा.'