पंगतीचा बाक

आमच्या ह्यांच्या हट्टाबद्दल डिचोलीच्या बाजारात कुणालाही विचारा. खाणी बंद पडल्या, खनिज वाहायचा ट्रक विकावा लागला, पण ट्रकमधली ड्रायव्हरची सीट काही ह्यांनी विकली नाही. ती काढून घेतली, लाकडी खोक्यावर ठोकली आणि दारापुढच्या बाल्कांवात मांडली. पोदेराचे पाव आले की चहा तिच्यावर, पेपर तिच्यावर, आल्यागेल्याशी गजाली तिच्यावर. मी म्हणायचे, "माझ्यापेक्षा त्या सीटवरच तुमचा जीव जास्त." तर म्हणायचे, "ती उलट बोलणा ना!"

खरं कारण गुडघे. उभा जन्म क्लच दाबण्यात गेला, ते कुरकुरणारच. एरवी काही अडत नव्हतं. घरात मेज आहे, खुर्च्या म्हणजे आमच्या कदेली आहेत. अडायचं ते चवथीला.

चवथीला आम्ही पेडण्याला मूळ घरी जातो. चार भाऊ, त्यांचा परिवार, वर फळाफुलांची माटोळी, खाली गणपती आणि समोर जमिनीवर केळीच्या पानांची पंगत. आमच्या घरची रीत अशी की थोरले दीर उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि ते उठले की सगळ्यांनी एकदम उठायचं. एका वर्षी थोरले उठले, ओळ उठली आणि हे बसलेलेच. एक हात जमिनीवर, एक भिंतीवर, तोंड लालबुंद. सगळे खरकट्या हातांनी ताटकळत उभे. शेवटी दोन पुतण्यांनी काखेत हात घालून ह्यांना उचललं. मागून कुणीतरी हसलं. वाईट मनाने नव्हे हो, हसू आलं, हसलं. पण ह्यांना ते फार लागलं.

पुढच्या चवथीपासून आरती झाली की हे पोटावर हात ठेवायचे. "पोट बरां ना, तुमी जेवा." आणि चालले डिचोलीला परत. सणाच्या दिवशी सगळे भाऊ पंगतीला, आणि माझा नवरा घरी एकटा पेज नि लोणचं खातोय! मला वाढताना हुंदका यायचा. चांगली कदेल घेऊन बसा म्हटलं तर अंगावर यायचे. "भाऊ जमिनीर आणि मी वयर? देवासमोर? अक्कल आसा तुका?"

मीही काही कमी नाही. मला एकच पाहिजे होतं, हा माणूस भावांच्या ओळीत परत बसलेला.

म्हापशाला भाचीकडे फणसाच्या लाकडाचं देवघर बघितलं होतं. कुठे खिळा नाही, लाकडात लाकूड अडकवलेलं, हात फिरवावा तर मांजराच्या पाठीसारखं मऊ. कोरगावात एक मुलगी करते म्हणाली. मोठ्या शहरात डिझाईन शिकली, तिथली नोकरी सोडून आली आणि आजोबांची काजूची दारू गाळायच्या भाटीची खोप होती तिथे एकटीने काम मांडलं. मी बस पकडून गेले. खोपीत रंध्याच्या सालींचा ढीग, मुलीच्या कानावर पेन्सिल, केसांत भुसा. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "माझ्या नवऱ्यासाठी काहीतरी कर बाय. पाटापेक्षा उंच, कदेलीपेक्षा बुटकं."

"काका कुठे आहेत?"

"घरी. त्यांना कळलं तर तुझी नि माझी धडगत नाही."

"मग माप कुणाचं घेऊ?"

"माझं घे."

ती एवढी हसली की पेन्सिल खाली पडली. "काकी, तुम्ही ह्या माझ्या हत्यारांच्या पेटीएवढ्या! आणि बसताना तर सगळेच रुबाबात बसतात. मी माणसाला उठताना बघते, मग लाकूड कापते."

म्हटलं, ही माझ्या वरताण निघाली! पण आवडली मला.

दोन-चार दिवसांनी ती स्कूटरवरून डिचोलीला आली आणि ह्यांना थेट म्हणाली, "काका, तुमची ट्रकची सीट विकता का?" झालं! ह्यांचा चेहरा असा खुलला, काय सांगू. सीट कुठल्या ट्रकची, तिच्यावर बसून कुठल्या चढणी चढवल्या, सगळं पुराण सुरू. ती म्हणायची, "बसून दाखवा." हे बसायचे. "आता उतरून दाखवा." हे उतरायचे. "परत एकदा, स्प्रिंग वाजते का बघते." स्प्रिंग कुठली वाजते, मेली ह्यांचे गुडघे बघत होती! मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी. शेवटी हे म्हणाले, "विकूची ना गो ती. पण तू येत जा." ती गेल्यावर मला म्हणतात, "चेडू हुशार आसा. गाड्यांतला कळता तिका."

पुढच्या खेपेला कोरगावात तिने चिरे रचून त्यांवर फळी टाकली होती. म्हणाली, "ही काकांची उंची. पण एकट्यासाठी मी करणार नाही."

माझं डोकं सटकलं. "करणार नाही म्हणजे? गिऱ्हाईक मी की तू?"

"तुम्ही. पण एकट्याला उंच बसवलं तर काका बसणार नाहीत. परत पोटावर हात ठेवतील." मग हळूच विचारलं, "बाकीचे भाऊ पंगतीतून कसे उठतात, काकी?"

मी एकेकाला आठवून बघितलं. थोरले दीर खांबाला धरून उठतात. त्यांच्या पाठचे, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून, प्रेमाने टाकल्यासारखा. सगळ्यात धाकटे आधी कुशीवर होतात. एवढी वर्षं मी ह्या लोकांना वाढतेय आणि माझं लक्ष आपलं पानातल्या मिठाकडे! सगळ्यांचेच गुडघे गेलेले, पण बोलायचं कुणी? घर म्हणजे घर, अब्रू म्हणजे अब्रू.

"कर," मी म्हटलं. "चौघांचा लांब बाक कर आणि त्याच्यासमोर पान मावेल असं बुटकं मेज. लाकूड फणसाचंच. देवासमोर जायचंय."

पानाच्या मापासाठी तिने आमच्या पेडण्याच्या कुळागरातलं केळीचं पान मागून घेतलं. म्हणाली, पान मेजाबाहेर लोंबलं तर आमटी मांडीवर येईल. बाक झाला तेव्हा मी त्याच्यावर बसले, उठले, परत बसले. कडा अशा गोल केलेल्या की हाताने रेटून उठायला नेमकी पकड मिळावी. माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, "रडा, पण लाकडावर नको, आताच तेल लावलंय."

घरात कळवलं ते फक्त थोरल्या जाऊबाईंना. "हलूच घेवन ये," त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांका मी बघतंय." चवथीच्या आदल्या दिवशी हे भावांबरोबर बाजारात फुलं आणायला गेलेले असताना टेम्पोने बाक पेडण्याला पोचला आणि जाऊबाईंनी तो चादरीखाली झाकून ठेवला.

आरती झाली. जाऊबाईंनी नि मी बाक आणि मेज गणपतीसमोर आणून मांडलं. थोरले दीर बाकाकडे बघतायत, मग आमच्याकडे, मग परत बाकाकडे. हे तर सवयीने पोटावर हात ठेवून दारापाशी पोचलेसुद्धा, चपलेत पाय घालत होते.

"ह्या कितें?" थोरल्यांनी विचारलं. "देवासमोर मेजार जेवपाचां?"

"आधी बसा," जाऊबाई म्हणाल्या, "मागीर बोला."

त्या घरात थोरल्यांना असं कुणी बोलत नाही. ते कपाळाला आठ्या घालून पुढे झाले, नुसते टेकल्यासारखे बसले. मग नीट बसले. मग पाय लांब केले. मी मनात गणपतीला म्हणत होते, बाबा रे, आता माझी लाज तूच राख. आणि मग ते स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "वाडा गो! भूक लागली!"

मग काय विचारता! बाकीचे दोघे दीर धावलेच. चुलत दीर कधी घुसले कळलं नाही. पूजा सांगायला आलेले भटजीसुद्धा, "जरा मलाही," म्हणत टोकाला टेकले. कुणी "अहाहा" म्हणतंय, कुणी लाकडावर हात फिरवतंय. बाक गच्च भरला. तीळ ठेवायला जागा नाही. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तोच दारात उभा!

हे बघत होते. एक पाय चपलेत, एक बाहेर. बाकाकडे बघितलं, बाकाच्या उंचीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माणूस हट्टी असेल, पण मूर्ख नाही. त्यांना सगळं कळलं, मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

मग चप्पल भिरकावून असे आत आले की पोरंटोरं बाजूला झाली.

"ओ! सरा मरे!" सगळ्या घराला ऐकू जाईल असे ओरडले. "माझी जागा ती! माझ्या बायलेन माझ्यासाठी करून घेतल्यान हां तो!"

त्या घरात थोरल्यांदेखत बायकोचं असं नाव काढायची रीत नव्हती. पोरं खो खो हसायला लागली. भटजी उठायला लागले, त्यांना कुणी उठू दिलं नाही. थोरले दीर मात्र सरकले आणि आपल्या शेजारी हाताने थापटून म्हणाले, "ये रे. बस."

मी भाज्यांच्या खतखत्याचं भांडं घेऊन आले. रडत होते, हो, सगळ्यांसमोर रडत होते, लाज कसली? ह्यांच्या पानावर एक डाव घातला.

"घाल गो आणखी," हे म्हणाले.