पंचफुलाबाईचा पायाळू पाय

पंचफुलाबाई जन्मली ती पायाकडून, आणि तेवढ्या भांडवलावर घाटंजीजवळच्या आपल्या गावात तिनं आयुष्यभर मान मिळवला. कुणाची कंबर लचकली, उसण भरली, की माणूस तिच्या दारात येऊन पालथा पडायचा. ती पदर खोचून त्याच्या कमरेवर लाथ मारायची, आणि लाथ खाल्लेला उठून तिच्याच पाया पडायचा! एरवी कापूस वेचणाऱ्या बाईला कोण विचारतं?

यंदा वेचणीत तिचीच कंबर धरली. कळ मांडीतून थेट अंगठ्यापर्यंत उतरे, पाय मुंग्यांनी भरून जाई. आता लाथ मारणारीला लाथ कोण मारणार? राळेगावहून किसनसिंग नावाचा धिप्पाड पायाळू आणला. त्यानं अगदी मन लावून लाथ घातली, आणि बाईचं पाऊल उचलेनासं झालं. पायाळूचाच पाय गेला, अशी गावभर कुजबुज सुरू झाली.

सून सलोनीनं तिला यवतमाळला नेलं. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबत होती. डॉक्टरांनी औषधं दिली, आणि पावलात थोडा जोर परतल्यावर कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं मणक्यांवर उपचार करणाऱ्या वैष्णवी मॅडमकडे धाडलं. या मॅडम ना झटका देत, ना हाडं कडकड मोडत. टेबलावर पालथं निजवून कंबर हळूहळू ताणायच्या. एवढ्याशा हातानं काय होणार, असं पंचफुलाबाईला वाटलं. पण थंडी सरता सरता कळ आटत मांडीपर्यंत आली, मग कमरेपुरतीच उरली.

"कमरेला लाथ, झटका काही नको," मॅडमनी बजावलं. "पायात मुंग्या असतील तर मुळीच नको."

बाईनं मान हलवली. आपण इतकी वर्षं काय करत आलो, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

ती एसटीतून उतरून आपल्या पायांनी चालत घरी आल्याचं कळलं आणि दुसऱ्याच सकाळी शेजारचे रामराव वाकत वाकत आले आणि दारात पालथे पडले. मागं बघे होतेच.

"मार पंचफुला. पोतं उचललं तवापासून उभं राहता येऊन नाही राह्यलं."

"पायात मुंग्या येते का, भाऊ?"

"येते ना. पार अंगठ्यालोक."

एक लाथ मारली की गावाची तोंडं बंद, गेलेला मान परत. तिनं पाय उचललाही. मग खाली ठेवला.

"उठा भाऊ. मी नाही मारत."

"काहून? रागावली का माह्यावर?"

"राग कायले? या पायात गुण नाही. अशीच लाथ खाऊन मी लंगडी झालती. दवाखान्यात चला, मी येतो संगं."

बघे एकमेकांकडे पाहत पांगले. तिनं रामरावांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. एसटीच्या थांब्याकडे जाताना ते म्हणाले,

"मंग आतापावतो आमी बरे कशानं झालो वं?"

"उसण आपोआपच जाते, भाऊ."

काखेतला हात तिनं काढला नाही.