जीप परत द्यायला गेलो तवा

वालूरच्या जीप अड्ड्यावर आमी तिघंच. गंगाराम, बाबूमियाँ अन् मी. जीप सीटा भरोस्तोर उभी राह्यची, तवर किस्से भरायचे! सीटा कवाच उतरल्या, किस्से आजून बसलेलेच हायत.

*

नामांतराच्या बंदामधी धंदा बसला, तिघांचे बी हप्ते थकले. फायनान्सवाले जीपा वढून न्यायलेत म्हणल्यावर गंगारामनं आपली कडब्याच्या गंजीत लपवली. फायनान्सवाले आले, चहा पेले, जायला उठले. तेवढ्यात म्हशीनं दोन पेंढ्या वढल्या अन् हेडलाइट बाहेर!

"हे काय हो?"

गंगाराम म्हन्ला, "म्हशीला अंधारात खाता येत न्हाई, साहेब!"

दोरी बांधून नेली जीप, चावडीम्होरून. समदं गाव बघायलं.

*

बाबूमियाँ हुशार. त्यानं चारी चाकं काढून घरात कोंडली अन् जीप विटांवर ठिवली. फायनान्सवाले येतानी चाकं घिऊनच आले. लावली, दोरी बांधली, गेले!

आमी तोंडं पाडून उभे. बाबूमियाँ म्हन्ला, "चाकाँ तो बचे ना!"

*

माझं डोस्कं फिरलं. म्हन्लं, माझ्या जीपला दोरी लागू देनार न्हाई. मीच जाऊन देतो, छाती काढून!

घरवालीनं बोनेटला हळद-कुंकू लावलं, खणात नारळ बांधून वटी भरली अन् पदर डोळ्याला.

मी खेकसलो, "रडायलीस काहून? लेक सासरी चाललीय का?"

"सासरी कुठली? तुमी नांदवली न्हाई म्हणून माहेरी चाललीय!"

*

निघालो एकटाच. पण कुणी हात केला की माझा पाय आपोआप ब्रेकवर!

"आरं, जीप परत द्यायला चाललोय!"

"परभणीलाच ना? मग सरक!"

फायनान्सच्या दारात जीप थांबली तवा आत अकरा सीटा! साहेब बाहेर येऊन बघतच राह्यला. "धंदा न्हाई म्हणता, अन् हे काय, वऱ्हाड?"

*

दहा उतरले. गोदामावशी बसूनच! आमच्याच गावची म्हातारी, पोखर्णीच्या नरसिंहाला चाललेली, मांडीवर नैवेद्याचा डबा.

"मावशी, उतर. जीप आता ह्या साहेबाची झाली."

मावशी साहेबाला म्हन्ली, "बरं झालं. चल बाबा मग पोखर्णीला."

साहेब तडकला. "हिला उतरवा, न्हाई तर मी जीप घेत नाही! उद्या माणसं पाठवून गावातून ओढून आणतो!"

"दोरीचं नाव काढायचं न्हाई!" मी बोनेटवर हात आपटला, वटीचा नारळ खणातून सुटून खाली गडगडला. "जीप आत्ता देतोय, जशी हाय तशी! लिवा कागद!"

साहेबानं माझ्याकडं बघितलं, मावशीकडं बघितलं. कागद काढला. स्टेपनी एक. जॅक एक. पाना एक. अन् पेन थांबला.

"लिव बाबा," मावशी म्हन्ली, "निवद गार व्हायलाय."

साहेबानं लिवलं, "म्हातारी एक, पोखर्णीपर्यंत." त्याच्या खाली लिवलं, "वरील सर्व मिळाले." अन् सही ठोकली!