मितूचं दुसरं लग्न

माझी मामेबहीण मितू हिचं लग्न दोनदा झालं. दोन्ही वेळा एकाच मांडवात, एकाच नवऱ्याशी आणि एकाच उन्हाळ्यात. पहिलं लग्न स्थळ चांगलं होतं म्हणून झालं. दुसरं माझ्या कलेमुळे.

'कला' हा शब्द आमच्या सौंदडच्या घरात मी आणला. त्याआधी आमच्याकडे फक्त 'नोकरी' हा शब्द चालत असे. बाबा निवृत्त शाळामास्तर. मीही हातात खडू घ्यावा, असं त्यांच्या फार मनात. आणि मी गोंदियाहून घेऊन आलो एक सेकंडहँड व्हिडिओ कॅमेरा! तेव्हा लग्नाच्या कॅसेटचे दिवस होते. तो कॅमेरा खांद्यावर घेतला, की धानाचं पोतं उचलून निघालेला हमाल दिसायचो. मला मात्र आपण मोठे दिग्दर्शक दिसतो, असं वाटायचं.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी अट घातली.

"मितूच्या लग्नाची शूटिंग कर. तुह्या मामाले पसंत पडली, तं जलमभर कॅमेरा चालव. नाई पडली, तं मामाची राईस मिल हायेच. पोते मोजत बस!"

आता मामा कोण, ते सांगतो. नवेगाव बांधला त्यांची लहानशी राईस मिल होती आणि आवाज मोठ्या मिलएवढा होता. पंचक्रोशीतलं एकही लग्न मामा जेवल्याशिवाय लागत नसे. त्यांनी एखाद्या आचाऱ्याला चांगलं म्हटलं, की त्याचा अख्खा सीझन भरायचा. नाव ठेवलं, की तोच आचारी पुढच्या बाजारात भजी तळताना दिसायचा. म्हणजे माझे परीक्षक मामाच, जाहिरातदार मामाच आणि नापास झालो तर मालकही मामाच!

मी ठरवलं, असं शूटिंग करायचं, की मामांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. (आलंच ते. पण क्रमाने सांगतो.)

इतर कॅमेरावाले काय करतात? पाहुणे जेवतात, हा दाखवतो. पाहुणे अहेर देतात, हा दाखवतो. त्यात कला कुठे आहे? मी मितूच्या पापणीवरचा थेंब टिपला. भात शिजत असलेल्या गंजावरची वाफ टिपली. एका म्हातारीच्या हातावरच्या सुरकुत्या इतका वेळ टिपल्या, की ती म्हणाली, "बापू, मले जेवाले जाऊ दे." आणि ऐन अहेराच्या वेळी, माइकवर एकेकाचं नाव पुकारत असताना, मी तलावाकाठच्या धानाच्या बांधीत पालथा पडून सारसाच्या जोडीचं नृत्य टिपत होतो. सारस जन्मभर जोडी सोडत नाही. विवाहाला याहून सुंदर प्रतीक कोणतं?

गोंदियाच्या मिक्सिंगवाल्यालाही माझी दृष्टी कळली नाही.

"भैया, दिल नहीं डालना?"

"नहीं."

"दुल्हन को कमल में से भी नहीं निकालना?"

"बिलकुल नहीं."

"फिर पार्टी को दिखाओगे क्या?"

मी नुसता हसलो. कलावंत हसतो तसा.

कॅसेट पाहायला मामांच्या मिलच्या पडवीत साठ-सत्तर माणसं जमली. खिडक्यांना पोती टांगून अंधार केला होता. लहान पोरं, बुढ्या, हमाल, सगळे आपापला चेहरा पाहायला आले होते. सुरुवातीला वाफ आली. लोक शांत. मग सुरकुत्या आल्या. लोक शांत. मग सारस आले, आणि बराच वेळ गेलेच नाहीत.

"हे कोनाकडचे पाव्हणे होत?" एका काकांनी विचारलं. "नवरदेवाकडचे का आपले?"

"माही नवी साडी कधी येईल रे?" मामी.

"येईल मामी, येईल."

"मी तं दिवसभर कॅमेऱ्याच्या पुढेच उभी होती!" आत्या.

"म्हणून तर मला काही दिसत नव्हतं, आत्या!"

शेवटी हार घालायचा प्रसंग आला. पडद्यावर मितू, तिचा नवरा प्रफुल्ल आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरी बाही.

मामांनी कॅसेट थांबवायला लावली. पडद्याजवळ गेले. बाहीवर बोट ठेवलं.

"हा कोपर कोनाचा?"

"तुमचा, मामा."

"आन् बाकीचा मी कुठे आहो?"

 तीन तासांच्या कॅसेटमध्ये वधूपिता म्हणून तेवढा कोपरच होता! मामांच्या डोळ्यांत, मी म्हटलं होतं तसं, पाणी आलं.

"बापाचा कोपर दाखवते! आन् पाखरं मात्र नखापासून चोचीपर्यंत! भाच्या, सोमवारपासून मिलवर ये."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पोतीच पोती दिसत होती. मी हात जोडले.

"मामा, एक संधी द्या!"

"कायची संधी? लगन काय दुसऱ्यांदा लागते?"

माझी जीभ ही माझ्या डोक्याच्या दोन पावलं पुढे चालते. ती म्हणाली, "लावू ना!"

 मला वाटलं, आता मामा पायातली काढतात. पण तेवढ्यात मामी म्हणाल्या, "मी तीच साडी नेसन." आत्या म्हणाली, "मी मंगळसूत्र घालताना त्याच जागी उभी राहीन, पन जरा बाजूले." आणि मग सगळेच बोलू लागले. लग्न ठरलं!

पहिली अडचण आली लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांची. ते दूरचे आजोबाच आमचे, पण तत्त्वाचे पक्के.

"मी पंचशील खोटंखोटं म्हननार नाई. म्हटलं, तं खरंच म्हनन. आन् मी म्हटलं म्हंजे लगन लागलं!"

"लागू द्या आजोबा. आधीच लागलेलं आहे, त्यावर आणखी एक थर!"

दुसरी अडचण अहेराची. मामांचा हुकूम होता, की आलमारी, कूलर, दिवाण, सगळं मांडवात पुन्हा दिलं गेलं पाहिजे. सामान तर मितूच्या सासरी, इटियाडोह धरणाकडच्या गावात. मग मीच ट्रॅक्टर घेऊन गेलो. प्रफुल्लला दाढी आणि सुटाच्या इस्त्रीसाठी सकाळीच नवेगावला धाडलं होतं. त्याचे आईबाप पाहुण्यांच्या आधी पोचावं म्हणून मोटारसायकलवर पुढे निघाले. घरातला एकच माणूस शेतावर होता, प्रफुल्लचा आजा. त्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. (होतं!)

मी ट्रॉलीत आलमारी चढवली, कूलर चढवला, दिवाण उलटा घातला आणि वर मितूला बसवलं. रस्त्यावर धूळ फार, म्हणून तिने ओढणीने तोंड झाकून घेतलं. असा आमचा ट्रॅक्टर भर दुपारी गावाच्या मधोमध हळूहळू गेला. दारोदारी माणसं उभी राहून पाहात होती. मला वाटलं, काय आदर आहे लोकांना कलेचा!

त्यांना काय दिसलं, ते मला मागाहून कळलं. सून तोंड झाकून रडते आहे, सोबत माहेरचा माणूस आहे आणि अहेराचं सगळं सामान वापस चाललं आहे. आम्ही वेशीबाहेर पडायच्या आत गावात पोरीची सोडचिठ्ठी झाली होती.

इकडे नवेगावला वेगळाच गोंधळ. मामांच्या दारी पुन्हा मांडव पाहून गाव चक्रावलं होतं. मामांना तर एकच मुलगी! "मंग कोनाचं लगन?" "बुढा सोताच करून राह्यला का?" शहानिशा करायला जो आला तो जेवायलाच बसला. मामींनी दोनदा भात टाकला.

मीही या वेळी चेहरा सोडला नाही. लाडू घेताना दाखवला, लाडू खाताना दाखवला, बोटं चाटताना दाखवला. मामांना तर समोरून, बाजूने आणि खुर्चीवर उभं करून दाखवलं. फक्त मितूची पंचाईत झाली. निरोपाच्या प्रसंगी तिला रडूच येईना. मामींच्या गळ्यात पडली आणि दोघी खदखदून हसायला लागल्या.

"मितू, रड ना ग!"

"कशी रडू दादा? रात्री तं मी इथंच झोपनार आहो!"

म्हटलं, निरोप नंतर घेऊ, आधी हार उरकून टाकू. बौद्धाचार्य आजोबांनी खऱ्या आवाजात खरं पंचशील म्हटलं. प्रफुल्ल सूट घालून, फाटकाकडे पाठ करून उभा राहिला. मितूने हार उचलला. आणि फाटकाशी मेटॅडोर थांबली.

त्यातून वीस-पंचवीस माणसं उतरली. सगळ्यांच्या पुढे काठी घेऊन प्रफुल्लचा आजा! त्यांनी पाहिलं, की मांडव आहे, बँड आहे, आपली सून नटूनथटून हार घेऊन उभी आहे आणि समोर कोणी तरी सूटवाला आहे.

"थांबवा!" आजा गरजले. "माह्या नातवाची बायको दुसऱ्याले देऊन राह्यले का बे?"

बँड थांबला. आजा तीरासारखे आले, त्यांनी सूटवाल्याची कॉलर मागून धरली, गरकन फिरवला आणि काठी उगारली.

"आजा, मी हाओ! मी!"

काठी हवेतच राहिली.

"तू? मंग तू कायले तुह्याच बायकोसंग लगन लावून राह्यला?"

 सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आजा माझ्याकडे वळले, काठीसकट. मला पळायचं सुचलं नाही, कारण डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "आजोबा, जरा इकडे पाहा!"

आजा थांबले. त्यांनी टोपी सरळ केली. धोतराचा सोगा झटकला. छाती पुढे काढली.

"पहिल्या कॅसेटमंदी मी होतो का रे?"

"नाही, आजोबा."

"आन् आता, मी येताना टोपी सरळ होती का?"

"जरा तिरपी होती."

"मंग थांब. मी पुन्हा येतो."

आणि ते खरोखर सगळ्या माणसांना घेऊन फाटकाबाहेर गेले, मेटॅडोरमध्ये चढले, उतरले आणि पहिल्यापेक्षा दुप्पट रागाने आत आले! प्रफुल्लची कॉलर त्यांनी पुन्हा धरली. या वेळी एक बटणही तुटलं. मग सगळी मंडळी हातपाय धुऊन पंगतीला बसली आणि मामींनी तिसऱ्यांदा भात टाकला.

ती कॅसेट पडवीत लागली, तेव्हा लोकांनी आजांचं आगमन इतक्या वेळा मागे नेऊन पाहिलं, की तिथली फीत पांढरी पडली. मामा मात्र स्वतःलाच मोजत होते. संपल्यावर उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाच्याच्या हातात जादू आहे." झालं! त्या पावसाळ्याआधीच पुढच्या सीझनच्या तारखा भरल्या.  दुसऱ्या दिवशी बाबांनी शिंप्याकडे बसून कॅमेऱ्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवून आणली आणि आतून मऊ अस्तर लावायला लावलं.

तेव्हापासून मी याच धंद्यावर जगतो, आणि बरा जगतो. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, पेनड्राइव्ह आला. लोक पैसे मोजून आपले चेहरे पाहतात, आणि मी ते मनापासून टिपतो. सौंदडपासून नवेगावपर्यंत कोणी सांगावं, की आपण लग्नाला गेलो आणि याच्या कॅमेऱ्यात आलो नाही!

अपवाद एकच. माझं स्वतःचं लग्न ठरलं, तेव्हा दुसऱ्या कुठल्या कॅमेरावाल्यावर माझा भरवसा बसेना. म्हणून शूटिंग मीच केलं. सगळे पाहुणे स्पष्ट आले आहेत. नवरी तर फारच सुंदर आली आहे. ती लाजत लाजत हार घेऊन पुढे येते, हार मोठा मोठा होत जातो, पडदाभर झेंडू पसरतो आणि मग मिट्ट अंधार. नवरदेव अख्ख्या लग्नात कुठेच नाही!

परवा आमच्या पोरीने ते पाहिलं आणि बायकोला विचारलं, "आई, तू कॅमेऱ्यासंग लगन केलं होतं का?"

बायको तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "हो बाई. आन् अजून त्यालेच नांदवून राह्यली."