दाराखालची भोकं

हँडल धरून दार ओढलं आणि दाराचा खालचा वीतभर पत्रा गळून फरशीवर पडला. इनामदार दोन पावलं मागं सरकले.

"अहो मिस्त्री, मोडलंसा की!"

"मोडायला होतं काय त्यात? नुसता रंग उभा होता," मी म्हणालो.

संस्थान विलीन झाल्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं गॅरेज होतं. इंजिनची कामं करणारे पुष्कळ होते. मी बॉडीचा माणूस, म्हणजे पत्र्याचा. इनामदारांची ही मोठी विलायती गाडी एके काळी दसऱ्याला निघाली की लोक वळून बघायचे. पुढं ती शेडमध्ये पडून राहिली. आता वैशाखात त्यांच्या मुलीचं, शकुंतलाताईंचं लग्न ठरलं होतं, आणि मुलगी याच गाडीतून सासरी गेली पाहिजे असं त्यांच्या मनात होतं.

"लांबी भरा आणि वरनं झकास रंग मारा. लग्नापुरती दिसली की झालं," ते म्हणाले.

लांबी म्हणजे खळगे बुजवायचा लगदा. गंजावर लांबी भरणं म्हणजे किडक्या दाताला चुना लावण्यातला प्रकार. चार दिवस पांढरं दिसतं. मी तोंडाचा फटकळ. "तसलं काम पाहिजे तर गॅरेजं लई हाईत," असं म्हणून मोकळा झालो. इनामदार रागावले, पण गाडी ठेवून गेले.

गाडीबरोबर त्यांचा ड्रायव्हर राहिला. दस्तगीरमामा. गाडी नवी आली त्या दिवसापासून तिचं चाक दुसऱ्याच्या हाती गेलं नव्हतं. डोक्याला फेटा, कोटाला सगळी बटणं, आणि किल्ली उपरण्याच्या गाठीत. रोज सकाळी यायचे, एका पालथ्या डब्यावर बसायचे आणि माझ्या प्रत्येक ठोक्याला तोंड वाकडं करायचे.

"हळू की वो मिस्त्री. जित्राब हाय का त्ये मारायला?"

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "वैशाखाच्या आत झाली पायजे. ताईसाहेब एवढ्याशा हुत्या, माझ्या शेजारी बसून हॉर्न वाजवायच्या. तवाच सांगितलंया त्यास्नी, सासरी मीच सोडणार. तेवढं एकदा केलं की किल्ली खुंटीला. मग मेलो तरी चालतंय."

कामाला लागलो. पत्रा बदलायचा म्हणजे आधी मेलेला भाग कापायचा. छिन्नी लावत वर वर जायचं आणि हातोडीनं वाजवून बघायचं. मेलेला पत्रा भद्द वाजतो, जिवंत पत्रा खणखणतो. खणखणला की तिथं थांबायचं. नव्या पत्र्याची तेव्हा टंचाई. लष्कराच्या लिलावातल्या एका ट्रकचा जाड पत्रा मिळाला, तोच वापरला. बाभळीच्या ओंडक्यावर ठेवून लाकडी हातोड्यानं त्याला दाराची गोलाई दिली. वेल्डिंग एका दमात करत नाहीत. उष्णतेनं पत्रा पापडासारखा वाकडा होतो. इथं एक टाका, तिथं एक टाका, मध्ये ओलं फडकं, असं सावकाश जावं लागतं.

दारं चार. तीन खालून पार कुजलेली आणि मागचं डावं मात्र ठणठणीत. हे कोडं मला सुटेना. एकाच शेडमध्ये, एकाच छपराखाली उभी गाडी. तीन दारं गेली, मग चौथं कसं राहिलं?

कापलेला एक तुकडा उलटा करून बघितला तेव्हा कळलं. गाडीच्या दाराच्या तळाला कारखान्यातूनच बारीक भोकं असतात. काच खालीवर होते त्या फटीतून पावसाचं, धुण्याचं पाणी दारात उतरतं. ते या भोकांतून बाहेर पडतं. या दाराची आणि बाकीच्या दोन कुजलेल्या दारांचीही भोकं राळ आणि मेण घालून पक्की बुजवलेली होती. वर्षानुवर्षं पाणी आत साचलं आणि दारं आतून कुजली. मागच्या डाव्या दाराच्या गुडद्या, म्हणजे भोकांतली ही बुचं, कधीतरी गळून पडल्या होत्या, म्हणून ते वाचलं.

मी तुकडा बाकावर ठेवला आणि तेवढ्यात इनामदार काम बघायला आले. त्यांनी तो उचलला. मी जे होतं ते सांगितलं. गिऱ्हाइकानं कारण विचारलं की सांगायचं, ही माझी रीत.

ते भडकले. "कुठल्या गाढवानं बुजवली ही?"

डब्यावरून दस्तगीरमामा उठले. "म्या, सरकार."

मामा खाली बघून बोलत होते. "शाहूवाडीकडच्या गावाला जाताना तांबडी धूळ खालनं आत यायची. तुमच्या आईसाहेबांची लुगडी खराब व्हायची. म्हनून बुजवली."

इनामदारांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "व्हय की रे. तवा घरात सगळ्यांनी तुझं कवतिक केलतं. ह्यापायीच तुला फेटा बांधलता म्या." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जाऊ द्या मिस्त्री. जुनी गाडी. कुजायचीच."

रागाचा माणूस, पण त्या दिवशी मला आवडला.

ते गेल्यावर मामा माझ्याजवळ आले. "भोकं उघडी असती तर?"

आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही, त्या दिवशी बोललो. "काय फरक पडत न्हवता, मामा. पत्राच हलका हुता."

मामा मागच्या डाव्या दाराशी जाऊन उकिडवे बसले. खालून बोट फिरवून बघितलं, मग बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला. तो खणखणला. इतके दिवस माझ्यासमोर बसून पत्रा ऐकायला तेही शिकले होते.

"ह्या दाराची गुडदी पडलती. धूळ येत असंल हितनं. मला कळलंच न्हाय, न्हायतर हेबी बुजवलं असतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. नंतरही नाही. नव्या पत्र्याला मी ड्रिलनं भोकं पाडत होतो तेव्हा त्या रिकाम्या डब्याकडं बघवेना. चूक शोधून काढल्याचा मला एरवी गर्व असायचा. तेव्हा वाटलं, हे कोडं सुटलं नसतं तर बरं झालं असतं.

गाडी वेळेत झाली. काळा रंग असा की तोंड बघून भांग पाडावा. पोचवायला वाड्यावर गेलो तर मामा दारातच होते. उपरण्याची गाठ सोडून त्यांनी किल्ली इनामदारांच्या हातात दिली.

"दुसरा ड्रायव्हर बघा, सरकार."

इनामदारांनी समजावलं, मग शिव्या घातल्या. शेवटी ताई बाहेर आल्या. हाताला हळद लागलेली.

"मामा, तुम्ही शब्द दिलावता मला."

"दिलता, ताईसाहेब. पर आता चाकाला हात लावायला मन धजत न्हाय. म्या जपली, जपली आन् मारून ठेवली."

ताई रडल्या. मामा हलले नाहीत.

पाठवणीच्या दिवशी गाडीबरोबर मी गेलो, वाटेत काही बिघडलं तर असावं म्हणून. चाक एका भाड्याच्या ड्रायव्हरच्या हाती होतं. रस्ता शाहूवाडीकडचा. धूळ व्हायची तशी झाली. उतरताना ताईंच्या शालूचा काठ तांबडा झाला होता. त्यांनी तो झटकला आणि त्या सासरच्या दाराकडं चालू लागल्या.

परत आलो तेव्हा मामा वाड्याच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी मागचं दार उघडलं, बैठकीवरून हात फिरवला आणि तांबडा झालेला तळवा मला दाखवला.

"आली की वो."

"आली, मामा," मी म्हणालो.

उपरण्यानं त्यांनी सगळी बैठक पुसून काढली. आत मात्र बसले नाहीत. पुढं दर पावसाळ्यानंतर गॅरेजच्या दारात येऊन विचारायचे, "दारं हाईत न्हवं?" मी म्हणायचो, "हाईत." तेवढं ऐकून जायचे. एका वर्षी आले नाहीत. दारं तेव्हाही धड होती.

गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगत आलो. दाराखालची भोकं अधूनमधून काडीनं मोकळी करा. धूळ आत येईल. येऊ द्या, ती झटकता येते.